लाल सलाईन आणि अर्जुनाची साल

तिरोडा तालुक्यात नदीनाल्यांच्या काठी अर्जुन सहज भेटतो. भारदस्त बुंधा, फिकट राखाडी गुळगुळीत साल आणि जुन्या सालीचे गळून पडणारे पापुद्रे. नागझिऱ्याच्या बाजूला जंगलात शिरले की त्याच कुळातला ऐन दिसू लागतो, काळपट आणि भेगाळ सालीचा. या दोन्ही झाडांच्या पानांवर टसरच्या अळ्या पोसल्या जातात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत ढिवर समाजातली कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कोसा काढत आली आहेत. टसरच्या एका वाणाला तर ‘भंडारा’ हेच नाव आहे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला तो १९९९ मध्ये, त्यामुळे त्या नावात तिरोड्याचाही वाटा आहेच.

अर्जुनाची दुसरी ओळख औषधाची. वाग्भटाच्या ग्रंथात हृदयरोगावर अर्जुन सांगितला आहे. पुढे चक्रदत्तात सालीला दुधात उकळण्याची रीत आली. वैद्यमंडळी आजही अर्जुन क्षीरपाक देतात. या भागात कुणाला धडधड होऊ लागली, दम लागू लागला की ‘अर्जुनाची साल घेऊन बघ’ असे सांगणारे कुणी ना कुणी निघतेच.

हाच सल्ला आता एका वेगळ्या प्रसंगी दिला जातो. घरातल्या बाईला स्तनाचा कर्करोग निघतो, नागपुरात किमो सुरू होते, ‘या औषधाने हृदयावर परिणाम होऊ शकतो’ हे डॉक्टरांचे वाक्य घरापर्यंत पोहोचते आणि नातेवाइकांपैकी कुणीतरी साल आणून देते. हा सल्ला मायेचा असतो. त्यामागचा तर्कही वेडगळ नाही, कारण जगभरच्या प्रयोगशाळांत नेमका हाच प्रश्न गेली चाळीस-पन्नास वर्षे अभ्यासला जात आहे: किमो चालू असताना हृदयाला सांभाळणारे काही वनस्पतींमध्ये सापडेल का? या अभ्यासातून काय हाती आले, हे तिरोड्याच्या बाईला तिच्या भाषेत कळायला हवे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. भारतीय स्त्रियांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे.

ज्या औषधाची ही भीती आहे ते दिसायला लालभडक असते. त्याचे नाव डॉक्सोरुबिसिन, जुने व्यापारी नाव ॲड्रियामायसिन. सलाईनच्या नळीतून ते उतरताना दिसते आणि पुढे दिवसभर लघवीही लालसर होते, म्हणून रुग्ण त्याला ‘लाल औषध’ किंवा ‘लाल सलाईन’ म्हणतात. या औषधाचा जन्म मातीतला. १९५० च्या दशकात इटलीतल्या फार्मितालिया कंपनीचे संशोधक जागोजागची माती तपासत होते. आपुलिया प्रांतात कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे. त्याच्या परिसरातल्या मातीत लाल रंगद्रव्य बनवणारा एक सूक्ष्मजीव सापडला. त्यातून आधी डाउनोरुबिसिन आणि मग त्याच जिवाच्या बदललेल्या वाणातून डॉक्सोरुबिसिन मिळाले. जवळच्या ॲड्रियाटिक समुद्रावरून त्याला ॲड्रियामायसिन म्हटले गेले. अमेरिकेत १९७४ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारात त्याने जे स्थान मिळवले ते आजही टिकून आहे. या औषधाने असंख्य बायकांचे आयुष्य वाढले आहे, हे आधी ठळकपणे सांगायला हवे. हृदयाच्या भीतीने ते नाकारणे हा बहुतेक वेळा मोठा धोका ठरतो.

भीती मात्र खोटी नाही. १९६० च्या दशकातच डाउनोरुबिसिन घेतलेल्या काही रुग्णांची हृदये निकामी होताना डॉक्टरांनी पाहिली. पुढे लक्षात आले की प्रश्न एकूण साठलेल्या मात्रेचा आहे. हे औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे किती मिलिग्रॅम, या हिशेबाने देतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात एकूण मात्रा ४०० मिलिग्रॅमला पोहोचल्यावर सुमारे ५ टक्के रुग्णांत हृदय कमकुवत पडल्याचे दिसले, तर ५५० ला २६ टक्के आणि ७०० ला ४८ टक्के. स्तनाच्या कर्करोगात नेहमी दिल्या जाणाऱ्या चार सायकलमध्ये दर वेळी ६०, म्हणजे एकूण २४० मिलिग्रॅम होतात. ही मात्रा धोक्याच्या चढणीपासून बरीच खाली आहे. तरीही काहींचे हृदय एवढ्यानेही दुखावते. ज्यांना आधीच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे, ज्यांचे वय जास्त आहे, ज्यांना नंतर ट्रास्टुझुमॅब हे औषधही घ्यावे लागते, किंवा डाव्या बाजूला किरणोपचाराचा शेक बसतो, त्यांची जास्त काळजी घ्यावी लागते.

इथे गोंदिया जिल्ह्यापुरती एक गोष्ट जोडायला हवी. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि बायकांमध्ये रक्त कमी असणे तर घरोघरचे दुखणे. रक्त कमी असले की हृदयाला मुळातच जास्त काम करावे लागते. त्यामुळे सिकलसेलचे कार्ड किंवा जुना रिपोर्ट घरात असेल तर तो पहिल्याच भेटीत नागपूरच्या डॉक्टरांना दाखवायला हवा.

हृदयच का दुखावते, याची कारणे दोन दिशांनी उलगडत गेली. हृदयाचा स्नायू जन्मभर क्षणाचीही सुट्टी न घेता धडधडतो, म्हणून त्याच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया दाटीवाटीने भरलेली असतात. डॉक्सोरुबिसिन तिथे जाऊन साठते आणि लोहाच्या साथीने ऑक्सिजनचे तिखट, अस्थिर कण तयार करते. यकृताकडे अशा कणांना विझवण्याची भरपूर सामग्री असते, हृदयाकडे ती तोकडी असते. शिवाय हृदयाच्या पेशी मेल्या तर त्यांची जागा भरून निघत नाही. कितीतरी वर्षे हेच स्पष्टीकरण प्रमाण मानले गेले. मग २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगातून दुसरा धागा दाखवला. पेशीतल्या डीएनएचा पीळ सोडवणारे टोपोआयसोमरेज नावाचे विकर असते. त्याच्या एका रूपावर घाव घालून हे औषध कर्करोगाच्या पेशी मारते. त्याचेच भावंड असलेले दुसरे रूप हृदयात असते, आणि औषधाचा घाव त्यावरही पडतो. ज्या उंदरांच्या हृदयातून ते दुसरे रूप काढून टाकले होते, त्यांची हृदये बचावली.

वनस्पतींकडे संशोधकांची नजर वळली ती पहिल्या स्पष्टीकरणामुळे. तिखट कण विझवायचे तर वनस्पतींमध्ये अशी द्रव्ये भरपूर आहेत: हळदीतले कुर्क्युमिन, कांद्यातले क्वेर्सेटिन, लाल-काळ्या द्राक्षांच्या सालीतले रेस्व्हेराट्रॉल, हिरव्या चहातली कॅटेचिन्स, अश्वगंधा, आवळा. यातल्या जवळपास प्रत्येकाने उंदीर-घुशींच्या हृदयाला डॉक्सोरुबिसिनपासून थोडेफार वाचवल्याचे निबंध आहेत. २००८ मध्ये अर्जुनाच्या सालीवरही असा प्रयोग प्रसिद्ध झाला. सालीचा अर्क दिलेल्या प्राण्यांच्या हृदयाची हानी कमी झाली. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘किमोत अर्जुन हृदय वाचवतो’ अशा मजकुरांमागे असलेच प्रयोग असतात.

इथेच थांबून एक जुनी हकीकत आठवावी लागते. १९७७ मध्ये ‘सायन्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकात एक निबंध आला. उंदरांना ॲड्रियामायसिनआधी ई जीवनसत्त्व दिले तर हृदय वाचते आणि औषधाचा कर्करोगावरचा परिणामही कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. याहून चांगली बातमी कोणती? पण माणसांवर ई जीवनसत्त्वाचा उपयोग दिसला नाही. त्याच वाटेने जाणाऱ्या एन-ॲसिटिलसिस्टीन या दुसऱ्या औषधाची रुग्णांवर रीतसर तुलना झाली आणि १९८३ मध्ये निकाल आला: हृदयाला संरक्षण नाही. उंदराला काही आठवड्यांत एकदम जोरदार मात्रा दिली जाते. बाईला ती महिनोन्‌महिने, टप्प्याटप्प्याने मिळते, आणि तिच्या हृदयावरचा परिणाम कधी वर्षांनी उघड होतो. आज कुर्क्युमिनवर किंवा अर्जुनावर जे उत्साहाने लिहिले जाते, ते या अपयशाची आठवण ठेवून वाचायला हवे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि घरगुती सल्ल्यात तो कधीच विचारला जात नाही. जे द्रव्य हृदयाच्या पेशीला औषधापासून वाचवते, ते कर्करोगाच्या पेशीलाही वाचवत नसेल कशावरून?

ही शंका हवेतली नाही. २००२ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’मध्ये आलेल्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना प्रयोगशाळेत कुर्क्युमिन आणि किमोची औषधे सोबत दिली गेली. त्यात डॉक्सोरुबिसिनही होते. कुर्क्युमिन असताना कर्करोगाच्या पेशी कमी मेल्या. आहारातून कुर्क्युमिन दिलेल्या उंदरांमध्ये सायक्लोफॉस्फामाइड या औषधाने गाठ जितकी आटायला हवी तितकी आटली नाही. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जोडी म्हणजे स्तनाच्या कर्करोगातली नेहमीची किमो. उलट निष्कर्ष देणारे प्रयोगही आहेत, जिथे कुर्क्युमिनने किमोला हातभार लावला. म्हणून याचा अर्थ ‘हळद वाईट’ असा काढू नये. भाजी-वरणातल्या चिमूटभर हळदीतून रक्तात पोहोचणारे कुर्क्युमिन नगण्य असते. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद कुर्क्युमिनसाठी नावाजलेली आणि भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, ती रोजच्या स्वयंपाकात खुशाल वापरावी. प्रश्न डब्यातल्या अर्काच्या कॅप्सूलचा आहे, जिच्यात कुर्क्युमिनची मात्रा कित्येक पटींनी वाढवलेली असते.

माणसांमधला पुरावाही सावध करणारा आहे. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या एका मोठ्या चाचणीतल्या १,१३४ रुग्णांना त्या कोणत्या पूरक गोळ्या घेतात हे विचारून ठेवले होते. २०२० मध्ये त्याचे विश्लेषण आले. किमोच्या आधी आणि किमो चालू असतानाही अँटिऑक्सिडंट, म्हणजे तिखट कण विझवणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये आजार परतण्याचे प्रमाण जास्त असल्याचा कल दिसला. संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीला तो कल थोडक्यात उतरला नाही. गोळ्यांमुळेच तसे झाले असेही अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण किमोच्या दिवसांत ‘फायदा नाही झाला तरी तोटा काय’ हे वाक्य बेफिकिरीने म्हणता येणार नाही, एवढे त्यातून नक्की समजते.

मग अर्जुनाचे काय? त्याची परीक्षा माणसांवर झाली आहे, आणि ती आपल्या देशातच झाली. इंदूरच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदय अतिशय दुबळे झालेल्या १२ रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत सालीच्या अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दर आठ तासांनी दिल्या. रुग्णांना बरे वाटले, हृदयाची मापेही सुधारली. मग दिल्लीच्या एम्समध्ये १०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. कुणाला अर्जुन आणि कुणाला नुसती दिखाऊ गोळी, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हते आणि रुग्णांनाही. २०१६ मध्ये निकाल छापून आला. बारा आठवड्यांनंतर हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता, जिला रिपोर्टवर ‘ईएफ’ म्हणतात, वाढलेली नव्हती. काही रुग्णांना लक्षणांत थोडा आराम वाटला. हे सगळे रुग्ण इतर कारणांनी हृदय कमकुवत झालेले होते. स्तनाच्या कर्करोगाची किमो चालू असलेल्या बायकांच्या हृदयाला अर्जुन वाचवतो, असे दाखवणारी मोठी, रीतसर चाचणी झालेली नाही. आणि सालीच्या अर्काने यकृतातली औषध पचवणारी काही विकरे मंदावतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यातल्या काहींचा संबंध डॉक्सोरुबिसिनच्या निचऱ्याशी येतो. म्हणजे साल आणि लाल औषध यांची गाठ शरीरात कशी पडेल, हे अजून कुणी बाईच्या रक्तात मोजून ठरवलेले नाही.

वनस्पती दुबळ्या असतात असे मात्र कुणी समजू नये. तिरोड्याच्या अंगणातली सदाफुली व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगाची औषधे देते. लाल सलाईननंतर अनेकींना मिळणारे पॅक्लिटॅक्सेल मुळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू झाडाच्या सालीत सापडले. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या झुडपाच्या पानांवर ग्रंथ लिहिला आणि हृदयाचे एक औषध वैद्यकाला मिळाले. आपल्याकडच्या बिट्टीच्या बियांतही तशाच जातीचे द्रव्य असते, ते माणूस मारू शकते हे खेड्यातल्या लोकांना पक्के ठाऊक आहे. झाडातले द्रव्य वेगळे काढले, मात्रा ठरवली, कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही हे तपासले, तेव्हा त्याचे औषध झाले. सदाफुलीची पाने उकळून पिऊन कुणी कर्करोगातून बरे झाले नाही.

या दृष्टीने महाराष्ट्रातलाच एक प्रयत्न लक्ष देण्यासारखा आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे एका वेगळ्या कल्पनेवर काम करत आहेत. त्यांच्या मते किमोने मरणाऱ्या पेशींतून क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याचे, कण बाहेर पडतात, ते निरोगी पेशींत शिरतात आणि किमोच्या त्रासाचा मोठा भाग त्यांच्यामुळे होतो. द्राक्षांत असणारे रेस्व्हेराट्रॉल अत्यल्प तांब्यासोबत दिले तर हे कण नष्ट होतात, असे त्यांना आढळले. यात गंमत अशी की ही जोडी तिखट कण विझवत नाही, ती ते तयार करते आणि त्यांच्याकडून क्रोमॅटिन तोडून घेते. उंदरांवरच्या त्यांच्या कामात किमोची विषारी बाधा कमी झाल्याचा निबंध २०१७ मध्ये आला. मग टाटाच्या रुग्णांवर छोटे अभ्यास झाले. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांत अगदी थोड्या मात्रेने तोंडातल्या जखमांचा त्रास कमी झाला. ती मात्रा होती ५.६ मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल आणि ५६० नॅनोग्रॅम तांबे. बाजारात रेस्व्हेराट्रॉलच्या कॅप्सूल शेकडो मिलिग्रॅमच्या मिळतात, हे लक्षात घेतले की ‘जास्त म्हणजे चांगले’ ही समजूत किती फसवी आहे ते कळते. २०२४ मध्ये याच जोडीच्या शंभर रुपयांच्या गोळीची बातमी सगळीकडे झळकली आणि टाटाच्या नावाने आशा पसरली. या अभ्यासांत हृदय हा मुख्य विषय नव्हता आणि मोठ्या चाचण्यांची गरज आहेच. पण वनस्पतीतल्या द्रव्याकडे कोणत्या शिस्तीने बघायचे, याचा हा नमुना आहे.

शिस्त सुटली की काय होते, तेही मुंबईनेच पाहिले. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघर सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. डॉक्सोरुबिसिन शरीराबाहेर पडते ते मुख्यतः यकृतामार्गे. किमो चालू असताना यकृत बिघडले तर औषधाची मात्रा कमी करावी लागते किंवा सायकल पुढे ढकलावी लागते. शिवाय पुडीतल्या भुकटीत काय आहे, हाही प्रश्न असतोच. इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले.

तिरोड्याच्या बाईसाठी खरी दिलाशाची गोष्ट वेगळीच आहे. हृदयाला वाचवण्याचे सिद्ध झालेले उपाय आहेत आणि त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा उपाय वेळेचा आहे. इटलीतल्या मिलान येथील डॉ. डॅनिएला कार्डिनाले यांच्या गटाने या औषधांच्या २,६२५ रुग्णांचा मागोवा घेतला. २०१५ च्या निबंधानुसार ९ टक्के रुग्णांच्या हृदयाला इजा झाली आणि त्यातल्या ९८ टक्क्यांमध्ये ती पहिल्या वर्षातच दिसून आली. त्याच गटाच्या २०१० च्या अभ्यासात किमो संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत हृदयाची औषधे सुरू झालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे हृदय पूर्ववत झाले. सहा महिन्यांनंतर औषधे सुरू झालेल्यांत पूर्ण सुधारणा कुणातच झाली नाही. ही औषधे साधी, स्वस्त, रक्तदाबाच्या रुग्णांच्या ओळखीची आहेत. धोका जास्त असलेल्यांसाठी डेक्सराझॉक्सेन हे खास संरक्षक औषधही आहे, ते कुणाला द्यायचे हे कर्करोगतज्ज्ञ ठरवतात.

म्हणून टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. किमोच्या आधी एक, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, आणि किमो संपल्यानंतरच्या वर्षभरात पुन्हा. ट्रास्टुझुमॅब चालू असेल तर साधारण दर तीन महिन्यांनी. हा शेवटचा टप्पाच आपल्याकडे निसटतो. नागपूरच्या फेऱ्या संपलेल्या असतात, केस पुन्हा उगवू लागलेले असतात, रोवणीचे दिवस आलेले असतात आणि घरच्यांना वाटते, आता संपले. बांधीत वाकून काम करताना दम लागला तर तो अशक्तपणाच्या नावावर जातो. पायाला सूज आली तर दिवसभर उभे राहिल्यामुळे. रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडतो, उशा वाढवाव्या लागतात, दोन-तीन दिवसांत वजन भसकन वाढते, ही लक्षणे हृदयाची असू शकतात आणि त्यासाठी त्याच आठवड्यात तपासणी व्हायला हवी. उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झाले असतील, तर पुढच्या तपासण्यांचे काय, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शेवटच्या सायकलच्या दिवशीच विचारून घ्यावे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रत्येक तपासणीसाठी नागपूरच गाठावे लागेल का, की काही जवळच होईल, हेही तेव्हाच विचारता येते.

आणि सालीचे, काढ्याचे, कॅप्सूलचे काय करायचे? आधी ते डॉक्टरांना सांगायचे. रागावतील या धास्तीने कितीतरी बायका सांगतच नाहीत आणि घरचेही गप्प बसतात. पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावा, गावातल्या वैद्याने दिले असेल तर त्याचे नाव, झाडाचे नाव आणि किती घेतले ते चिठ्ठीवर लिहून फाइलला लावावे. आधीच सुरू केले असेल तर तेही लपवू नये. रक्ताचा रिपोर्ट अचानक बिघडला तर कारण शोधताना ही चिठ्ठी डॉक्टरांच्या उपयोगी पडते. अर्जुन घ्यायचाच असे मनात असेल, तर किमो पूर्ण झाल्यावर, हृदयतज्ज्ञाला विचारून, आणि त्यांनी दिलेली औषधे बंद न करता.

अर्जुनाला या प्रश्नात खरा न्याय मिळायचा असेल तर त्याची चाचणी अशी व्हायला हवी: एकाच ठिकाणी तयार झालेला, द्रव्ये मोजलेला अर्क, लाल औषध घेणाऱ्या काही शे बायका, निम्म्या अर्कावर आणि निम्म्या दिखाऊ गोळीवर, ठरावीक अंतराने एको, आणि सोबत पुढची पाच वर्षे प्रत्येकीच्या आजारावर नजर, तो परतला का हे पाहण्यासाठी. हृदय आणि गाठ, दोन्हीचा हिशेब एकाच वहीत. झाड विदर्भाच्या जंगलात आहे, रुग्ण नागपूरच्या वॉर्डांत आहेत, सेवाग्राम आणि नागपूरची वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. असे काम इथे उभे राहणे अशक्य नाही. तोपर्यंत गोंदियाच्या बाजूने येणाऱ्या सकाळच्या गाडीत बसून किमोला निघालेल्या बाईच्या पिशवीत जुने रिपोर्ट, एकोचा कागद आणि घेत असलेल्या प्रत्येक गोळी-काढ्याची यादी असली पाहिजे.